मळ्यातली मोटार

हौशी : बेवारस पडलेल्या जुन्या मोटारीपुढे उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ही गाडी कोणती? या प्रश्नाला नक्की उत्तर असतं असं मी मानतो. नीरा कालव्याखालच्या त्या मळ्यात, कडब्याच्या गंजीमागच्या पडवीत जी मोटार निघाली, तिला बोनेट नाही, काच नाही, दिवे नाहीत. टपाच्या कापडाचा धागासुद्धा उरलेला नाही. रेडिएटरवरचा बिल्ला कुणी तरी कधीच काढून नेलाय. पण खुणा आहेत. पुढच्या ॲक्सलवरचा पाटा आडवा आहे, एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे जाणारा. बहुतेक गाड्यांचे पाटे लांबीच्या दिशेने, चासीच्या दोन्ही अंगांना असतात. अमेरिकन फोर्डने मात्र १९०८च्या मॉडेल टीपासून १९४८पर्यंतच्या मोटारींना आडवाच पाटा ठेवला. म्हणजे बिल्ला नसला तरी कारखान्याचं नाव त्या ॲक्सलवर आहे. घरातली जुनी माणसंही म्हणतात, आजोबांची टी फोर्ड होती. लोखंड आणि आठवण दोन्ही एकच सांगत असताना शंका घ्यायला जागा उरते कुठे?

साशंक : जागा तिथेच उरते. ऑस्टिन सेव्हनचा पुढचा पाटाही आडवाच असतो, आणि ती छोटी इंग्रजी गाडी १९२२पासून १९३९पर्यंत बनत होती. एका खुणेला जेवढं सिद्ध करता येतं, त्यापेक्षा जास्त ओझं तुम्ही तिच्यावर टाकलंत. आठवणीचंही तसंच. मी शेतकऱ्याच्या घरात वाढले. आमच्याकडे एका पिढीला प्रत्येक उघडी मोटार फोर्ड होती, आणि तिच्या पुढच्या पिढीला प्रत्येक जुनी जीप विलिस. लोक गाडीला नाव देतात ते कारखान्याची नोंदवही उघडून देत नाहीत. कुर्ल्याला प्रीमिअरने बांधलेल्या गोल पाठीच्या फियाटला अख्ख्या मुंबईने डुक्कर फियाट म्हटलं. ते नाव कुठल्याही कागदावर नाही, तरी त्या नावाने गाडी कुणालाही कळते. तेव्हा ‘टी फोर्ड’ हा शब्द घरात कुठून आला, हा वेगळा प्रश्न आहे. तुम्ही आधी नाव ऐकलंत, मग खूण पाहिलीत, आणि खूण त्या नावाला जुळली. उलट क्रमाने गेला असतात तर हीच खूण इतकी पक्की वाटली असती का?

हौशी : ऑस्टिनची शंका पाच मिनिटांत मिटते. टेप घेतला की झालं. ऑस्टिन सेव्हनच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ७५ किंवा नंतरच्या गाड्यांत ८१ इंच असतात, फोर्ड टीच्या चाकांमध्ये १०० इंच. शिवाय या गाडीच्या मागच्या ॲक्सलवरही आडवाच पाटा आहे, ऑस्टिनला तिथे दोन वेगळे अर्धे तुकडे असतात. म्हणजे फोर्ड. पण पुढे मात्र मी चुकलो होतो, हे कबूल करतो. टी म्हणून मी पुरावे गोळा करत गेलो आणि सगळे जुळत गेले. पेट्रोलची टाकी डॅशबोर्डच्या पुढे आहे. टीची टाकी आधी सीटखाली असे, पण १९२६-२७च्या बहुतेक टी गाड्यांत ती पुढे आली. तारांची २१ इंची चाकं आहेत. तीही त्या शेवटच्या वर्षांत टीला मिळत. मग मी पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला हात घातला, तर तिथे ब्रेकचे ड्रम. टीला पुढे ब्रेकच नसतात. इंजिनाला पाण्याचा पंप आहे, टीमध्ये पाणी आपोआप फिरायचं. टीचे गिअर पायातल्या पेडलांनी बदलतात, इथे मधोमध गिअरचा दांडा उभा आहे. आणि टेप सांगतो साडेतीन इंच जास्त, म्हणजे १०३ इंच आणि अर्धा. ही टी नव्हे. ही तिच्यानंतरची मॉडेल ए, १९२७च्या डिसेंबरात लोकांसमोर आलेली. २१ इंची चाकं पाहता १९२८ किंवा १९२९ची, कारण १९३०पासून ए गाडीला १९ इंची चाकं आली.

साशंक : ‘टी’ चुकली हे तुम्ही स्वतःच शोधून काढलंत, म्हणून बाकीचं मी जास्त विश्वासाने ऐकते. पण शेवटच्या वाक्यात तुम्ही पुन्हा घसरलात. मळ्यात पडलेल्या मोटारीची चाकं ही सर्वांत आधी जाणारी आणि सर्वांत आधी बदलणारी गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात टायर मिळत नव्हते, पेट्रोलवर रेशन होतं, लोक कोळशाचा गॅस प्लँट मागे बांधून गाड्या हाकत होते. त्या काळात हाताला लागेल ते चाक बसवलं जाई. चाकावरून चाकाचं वय कळतं, गाडीचं कळेलच असं नाही. आणि समजा, ही १९२९ची मॉडेल ए आहे हे मी पूर्ण मान्य केलं. तशा गाड्या फोर्डने चार-साडेचार वर्षांत ४५ लाखांहून जास्त बनवल्या. ‘मॉडेल ए’ हे एका जातीचं नाव झालं. बांधावरच्या झाडाला आंबा म्हटलं तर चूक नाही, पण ते आमच्या आजीने लावलेलं झाड आहे हे त्यातून कळत नाही. तुम्ही जात सांगितलीत. व्यक्ती अजून कुठे सापडलीय?

हौशी : व्यक्ती नंबरात असते. ए गाडीच्या इंजिनाच्या डाव्या अंगाला, पाणी आत जातं त्या तोटीच्या वर, एका सपाट जागेवर नंबर ठोकलेला असतो. तोच नंबर कारखान्यात चासीच्या पट्टीवरही ठोकत, पण तो बॉडीखाली झाकला जाई. म्हणजे एक आकडा सगळ्यांना दिसणारा आणि एक लपलेला. इंजिन बदलणाऱ्याला दुसरा सहसा ठाऊकच नसायचा. म्हणून दोन्ही वाचले की गाडी आपल्या मूळ इंजिनासह आहे की नाही, ते कळतं. आपल्याकडच्या गाड्यांना आणखी एक खूण असते. ब्रिटन सोडून बाकीच्या साम्राज्याला उजव्या हाताच्या फोर्ड मोटारी कॅनडातून येत. १९२६मध्ये निघालेली फोर्डची भारतातली कंपनीही कॅनडाच्याच कंपनीची शाखा होती. कॅनडाच्या ए गाडीचा नंबर नुसत्या ‘ए’ने सुरू होत नाही, आधी ‘सी’ असतो. मी इंजिनावरची जागा रॉकेलच्या बोळ्याने पुसली, टॉर्च आडवा धरला, वर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवली. ‘सीए’ उमटलं. मग जॅक लावून बॉडी एका बाजूने बोटभर उचलली आणि पट्टीवरचा नंबर पाहिला. त्याचा एक आकडा गंजात गेलाय, पण बाकीचे वाचता येतात. दोन्ही नंबर वेगळे आहेत. हे इंजिन या गाडीचं नाही.

साशंक : बॉडी उचललीत, हे ऐकून मला वाईट वाटलं. उचलण्याआधी तिच्याखाली काय होतं ते कुणी लिहून ठेवलं? मातीचे थर किती होते, चाकं जमिनीत किती रुतली होती, आत धान्य होतं की उंदरांची बिळं? हे सगळं गाडी तिथे कधी आणि कशी थांबली, ते सांगणारं होतं. पुरातत्त्वाची माणसं खापर उचलण्याआधी त्याची जागा कागदावर उतरवतात, कारण खापर पुन्हा हातात घेता येतं, पण ते कुठे पडलं होतं हे एकदाच पाहता येतं. पडीक मोटारीला मात्र आपण लगेच हात घालतो, दार ओढतो, स्टिअरिंग फिरवतो, नंबर दिसावा म्हणून तारेच्या ब्रशने घासतो. हाताने ठोकलेले आकडे उथळ असतात. गंजासकट तेही झडतात. तुम्ही ब्रश लावला नाहीत, तेवढं बरं केलंत. दुसरी गोष्ट अशी की नंबर हाताने ठोकलेला असतो, म्हणजे तो पुन्हाही ठोकता येतो. ज्या आकड्यामुळे किंमत वाढते, तो खोटा करायला कुणाला तरी कारण मिळतंच. तुमचा सर्वांत पक्का पुरावाच सर्वांत आधी विकाऊ होतो.

हौशी : म्हणूनच एकट्या नंबरावर कुणी जाणता माणूस थांबत नाही. २०१४मध्ये पश्चिम फ्रान्समधल्या एका वाडीवर, पत्र्याच्या छपरांखाली, सुमारे ६० जुन्या गाड्या सापडल्या. रॉजर बायों या वाहतूक व्यावसायिकाने संग्रहालय करायचं म्हणून त्या जमवल्या होत्या. धंदा अडचणीत आला, काही गाड्या विकल्या गेल्या, उरलेल्या तशाच पडून राहिल्या. त्यांतली एक गाडी जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली दबलेली होती. ती निघाली १९६१ची फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर, नट आलँ देलाँ यांच्याकडे एके काळी असलेली. चासीचा नंबर होता आणि देलाँ त्या गाडीत बसलेले असतानाचे जुने फोटोही होते. दोन वेगळ्या वाटांनी आलेले पुरावे एका जागी मिळाले, म्हणून ओळख पक्की झाली. २०१५च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये ती एक कोटी ६० लाख युरोंहून जास्त किमतीला गेली. किमतीसाठी हे सांगत नाही. ओळख पटली नसती तर तिचं काय झालं असतं, ते पाहा. आपल्याकडे तर भंगारवाला दारात उभाच असतो, आणि तो किलोने मोजतो. नाव नसलेलं लोखंड वितळतं. नाव मिळालं तरच कुणी तरी ताडपत्री घालतं.

साशंक : बायोंचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं, कारण मला त्यात दुसरीच गोष्ट दिसते. एका माणसाने संग्रहालयाचं स्वप्न पाहिलं होतं. गाड्या ओळखल्या गेल्या आणि एका दिवसाच्या लिलावात त्या जगभर विखुरल्या. एकत्र सापडणं हीच त्यांची सर्वांत मोठी ओळख होती, आणि तीच आधी संपली. नाव आलं की किंमत येते, आणि किंमत आली की गाडी हलते. आता तुमच्या मळ्याकडे पाहा. जमिनीच्या सातबाऱ्यावर विहीर दिसेल, झाडं दिसतील, बोजा दिसेल, ही मोटार दिसणार नाही. जमीन विकली तर तिच्यात रुजलेलं, तिच्यावर बांधलेलं घेणाऱ्याकडे जातं. उभी मोटार ही जंगम मालमत्ता, ती जमिनीबरोबर आपोआप जात नाही. आजपर्यंत ती कुणाचीच नव्हती, कारण कुणाला नको होती. तुम्ही अंगणात उभं राहून ‘१९२९ची फोर्ड’ म्हणालात, त्या क्षणापासून ती चार भावांची आणि दोन बहिणींची झाली. ओळखणं ही निरुपद्रवी गोष्ट आहे असं मानून चालता येत नाही.

हौशी : भांडण होईल म्हणून ओळखायचं नाही, हे मला पटत नाही. उलट वाद मिटवायलाही ओळखच लागते. कायदा काय विचारतो ते पाहा. १९१४चा मोटार कायदा, मग १९३९चा, मग १९८८चा, या तिन्ही काळांतली नोंदणी वेगवेगळी. मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात दोन अक्षरं पुसटशी दिसतात: ‘बी एम’. महाराष्ट्र होण्याआधीच्या मुंबई राज्यातल्या नंबरांची ती सुरुवात. ‘एम आर’, ‘एम एम’ नंतरचे, आणि आजचं ‘एम एच’ १९८९नंतरचं. म्हणजे ही मोटार रस्त्यावर होती, तिचा नंबर होता, तिचा एक नोंदलेला मालक होता. २०२१मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००, आणि नंबरात ‘व्ही ए’ ही अक्षरं. पण त्यातली अट नीट वाचा: चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणून या दोन नंबरांचा मेळ नसणं ही बारीक गोष्ट राहत नाही. मूळ इंजिन शोधलं पाहिजे, नाही तर निदान त्या वर्षाचं तसंच इंजिन बसवलं पाहिजे.

साशंक : आणि मागच्या उजव्या चाकाच्या जागी बसवलेल्या पुलीचं काय करणार? तुम्ही आतापर्यंत तिचा उल्लेखच केला नाहीत. मी गाडी पाहिली तेव्हा मला सर्वांत आधी तीच दिसली. हबवर बोल्टांनी आवळलेली, सपाट पट्ट्याची रुंद पुली. ॲक्सलखाली दगडी चौथरा, म्हणजे ते अंग कायमचं उचलून ठेवलेलं. पडवीच्या भिंतीत पट्टा जाईल एवढी फट, आणि पलीकडे कडबाकुट्टीचा ओटा. ही मोटार तिथे पडून नव्हती, ती तिथे कामाला होती. पेट्रोल मिळेनासं झालं असेल किंवा टायर संपले असतील, पण एके दिवशी कुणी तरी ठरवलं की ही आता रस्त्यावर धावणार नाही, इथे उभी राहून वैरण कापेल. मूळ इंजिन झिजलं, तेव्हा दुसऱ्या फोर्डचं आणून बसवलं. तुम्ही ज्याला मेळ नसणं म्हणता, ती त्या घराने केलेली दुरुस्ती आहे. फोर्डने जी बनवली ती गाडी ओळखायची, की या मळ्याने जी बनवली ती? आणि पहिली परत मिळवण्यासाठी दुसरी पुसायची का?

हौशी : पुलीचा उल्लेख मी केला नाही, कारण मी तिला नंतर लावलेली बाहेरची गोष्ट समजत होतो. गाडी पाहताना काय पाहायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं, असा त्याचा अर्थ होतो. पण आता तिच्याविषयी मी जे सांगतो ते ऐका. त्या पुलीचे बोल्ट मी नंतर पाहिले. फोर्डचा बोल्ट अमेरिकन मापाचा, त्याला इंचातला नेमका पाना बसतो. पुलीच्या बोल्टांना तो पाना सैल होतो. त्यांना व्हिटवर्थचा पाना बसतो आणि आटेही इंग्रजी व्हिटवर्थचेच आहेत. त्या काळच्या आपल्याकडच्या कारखान्यांत, रेल्वेच्या वर्कशॉपांत हेच बोल्ट चालत. म्हणजे पुली कारखान्यातून आलेली नाही, ती इथे बसवली. तुम्ही भिंतीतली फट पाहून जे म्हणालात, तेच बोल्टांचे आटे सांगतात. आट्यांतही फसगत होते, हे ठाऊक आहे. जुन्या मॉरिसच्या इंजिनात आटे फ्रेंच मेट्रिक आणि बोल्टांची डोकी व्हिटवर्थची, असा मेळ होता. नुसता पाना लावून पाहणारा तिथे चुकतो. म्हणून मी बोल्ट काढून आटे मोजले. तुमची कहाणी खरी असेल तर ती खरी ठरवायलाही मोजमापच लागतं.

साशंक : हे मला मान्य आहे, आणि मनापासून. आतापर्यंत मला वाटत होतं, तुमचं मोजमाप कारखान्याच्या बाजूचं आहे आणि माझी आठवण मळ्याच्या बाजूची. तसं नाही. मोजमाप दोघांच्याही कामाला येतं. पण मग आठवणीलाही तुमच्याइतकीच शिस्त लावायला हवी. त्या घरात नव्वदीच्या एक आजी आहेत, सून म्हणून त्या घरात आल्या तेव्हापासून त्यांनी ती मोटार पाहिली. त्यांना कुणी काय विचारलं? ‘आजी, ही फोर्ड कधी घेतली?’ असं विचारलं असेल तर उत्तर त्या प्रश्नातच दिलं गेलं. आधी नाव न सांगता विचारायला हवं होतं: तुम्ही आलात तेव्हा ती कुठे उभी होती, तिचा आवाज कधी ऐकलात, तिच्यात कोण बसायचं, कडबा कापायला माणसं किती लागायची. एकदा का ‘१९२९ची फोर्ड ए’ हे शब्द घरात शिरले की सगळ्यांच्या आठवणी त्यांच्याभोवती जमू लागतात. मग चार जण सांगतात, ती एकच गोष्ट असते, चार साक्षी नसतात. गंज आकडा खातो, तसं नाव आठवण खातं.

हौशी : इथे मी हरलो. मी अंगणात मोठ्याने ‘फोर्ड’ म्हणालो होतो, आणि दुसऱ्या दिवशी घरातली नातवंडंसुद्धा फोर्ड म्हणत होती. ‘टी’ हे अक्षर घरचंच होतं की माझ्याआधी आलेल्या कुणी तरी तिथे ठेवलं होतं, हे आता सांगता येणार नाही. तेव्हा एक पद्धत मला सुचते. कागदावर तीन रकाने करावेत. पहिल्यात जे डोळ्यांनी दिसलं आणि मापात आलं तेवढंच: आडवे पाटे, १०३ इंच आणि अर्धा, पुढचे ड्रम, दोन वेगळे नंबर, पुली, भिंतीतली फट. दुसऱ्यात त्यावरून काढलेला अंदाज, आणि तो कशावर टिकतो ते: चासी मॉडेल एची, इंजिन कॅनडाचं पण दुसरीकडून आलेलं, वर्ष बहुधा १९२८-२९, पण चाकांवर विसंबून. तिसऱ्यात लोकांनी सांगितलेलं, त्यांच्याच शब्दांत, कुणी आणि कोणत्या प्रश्नावर सांगितलं त्यासकट. तीन रकाने एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. एकाने दुसऱ्याला दुजोरा दिला तर तो दोघांनी आधी एकमेकांना न भेटता दिलेला असला पाहिजे.

साशंक : चौथा रकाना ठेवा: हे वाचण्यासाठी आपण काय बिघडवलं. त्यात जॅकने उचललेली बॉडी येईल, काढलेला बोल्ट येईल, रॉकेलने पुसलेली जागा येईल. म्हणजे आपल्यानंतर येणाऱ्याला कळेल, की त्याला दिसणारी गाडी आपण पाहिलेली गाडी नाही. पण एवढं करूनही मूळ प्रश्न उरतोच. कागद पूर्ण झाल्यावर गाडीचं काय करायचं? स्वित्झर्लंडमध्ये माज्जोरे तलावाच्या तळाशी काही दशकं पडलेली एक बुगाती ब्रेशिया २००९मध्ये वर काढली. ती ज्याने विकत घेतली, त्याने ती तशीच ठेवली, गंजलेली, खंगलेली, अर्धी झिजून गेलेली. पाण्याने तिचं जे केलं, तो तिचा भाग मानला. जुन्या मोटारींच्या ‘फिव्हा’ या जागतिक महासंघाने ट्यूरिन चार्टर म्हणून जी तत्त्वं ठरवली, त्यांतही नवी करण्यापेक्षा जपण्याला मान आहे, वापराच्या काळात गाडीत झालेल्या बदलांनाही मान आहे. त्या न्यायाने पुली हीच जपायची गोष्ट. तुमच्या २०२१च्या नियमांच्या न्यायाने मात्र तीच आधी काढायची.

हौशी : जुनी म्हणजे काय, यावरही एकमत कुठे आहे? क्लबांत व्हिंटेज म्हणजे साधारण १९१९ ते १९३०, आणि आपल्या नियमात ५० वर्षांवरची कुठलीही. पहिल्या व्याख्येत ही गाडी काठावर बसते, दुसरीत १९७४ची प्रीमिअर पद्मिनीसुद्धा आरामात बसते. व्याख्या वेगळी तर गाडीही वेगळी दिसणार. पण तुमच्या बुगातीला एक उत्तर द्यायला हवं. ती संग्रहालयात ठेवली. मळ्यातली पडवी म्हणजे संग्रहालय नव्हे. येत्या पावसाळ्यात पत्र्याला आणखी दोन भोकं पडतील. तशीच ठेवणं म्हणजे हात न लावणं, असं वाटतं, पण तोही एक निर्णयच आहे आणि त्याचा परिणाम ठरलेला आहे: चासी आणि पुली दोन्ही सारख्याच वेगाने माती होतील. शिवाय एक गोष्ट मला सोडवत नाही. मोटार ही चालण्यासाठी केलेली वस्तू आहे. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक रस्त्यावर येते, तेव्हा लोक तिला ज्या डोळ्यांनी पाहतात, तसं काचेमागच्या गाडीला कधी पाहत नाहीत. हलणाऱ्या यंत्राची ओळख हलताना पटते.

साशंक : मेबॅकच्या मागे एक गादी आहे, मोठा परिवार आहे, ती दर वर्षी बाहेर काढणारं गाव आहे. या गाडीच्या मागे एक वाटणी न झालेलं घर आहे आणि एक आजी. आणि चालण्याविषयी म्हणाल, तर या गाडीचं चालणं म्हणजे नेमकं काय? तुमच्या मनात ती रस्त्यावरून जाते. त्या आजींच्या मनात कदाचित ती जागच्या जागी चालते, पट्टा फिरतो, कडबा कापला जातो आणि धूर भिंतीच्या फटीतून पलीकडे येतो. ती चालू करायची झाली तर कशी चालू करायची, हे कारखान्याची पुस्तिका सांगणार नाही. मला आता वाटतं, आपण दोघं ‘ही गाडी कोणती’ हा एकच प्रश्न विचारत नव्हतो. तुम्ही विचारत होता, ही कुठून आली. मी विचारत होते, ही काय झाली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ मिळालंय. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातून निघत नाही, पण पहिल्याशिवाय ते नीट विचारताही येत नाही. बोल्टांच्या आट्यांनी मला एवढं शिकवलं.

हौशी : ‘जवळजवळ’ म्हणालात, ते बरोबर आहे. चासीवरच्या नंबरातला तो एक आकडा अजून उरलाय. तो ३ असेल किंवा ८. डावीकडची बाजू गंजाच्या पापुद्र्याखाली आहे. ३ असेल तर तो नंबर आधीचा, ८ असेल तर बराच नंतरचा. चाकं खरी बोलतात की नाही, ते त्यावरून कळेल. पापुद्रा काढला तर दिसेल. पण पापुद्रा आणि आकडा यांच्यामध्ये पत्रा किती उरलाय, ते मला बाहेरून कळत नाही. नखाने हलकेच उचललं तरी तो आकड्यासकट हातात येऊ शकतो. मग ३ होता की ८, हे कुणालाच कधी कळणार नाही.

साशंक : आणि नाही उचलला, तरी दोन-चार पावसाळ्यांत तो आपोआपच गळून पडेल.